कार्ड आहे, बिल्ड झालाय, मग इतकं हळू का?

(ध्वनिमुद्रित भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. कमांड आणि एररचे शब्द उच्चारले तसेच देवनागरीत ठेवले आहेत.)

गेल्या दोन महिन्यांत तीन-चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "लॅपटॉपमध्ये एनव्हिडियाचं कार्ड आहे, प्रोग्रॅम बिल्डही झाला, एकही एरर नाही, तरी गोगलगायीसारखा का चालतो?" आज त्याचं उत्तर एका खऱ्या लॅपटॉपवरून देतो. हवेत बोलण्यापेक्षा ते बरं.

लॅपटॉप माझ्या एका मैत्रिणीचा. ती वरळीच्या बीडीडी चाळीत वाढली. वरळीबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो: १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट नावाच्या सरकारी खात्याने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. १६० चौरस फुटांच्या खोल्या. आता पुनर्विकास चालू आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळी पडायला लागल्यावर या मुलीने ठरवलं की म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि रेकॉर्ड करून ठेवायचं. गिरणीतली पाळी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, १९७४ ची वरळीची दंगल, सगळं. फोनवर चाळीसेक तासांचं रेकॉर्डिंग जमलं.

आता हे ऐकून लिहून काढायचं, तर एका तासाला पाच-सहा तास सहज जातात. नोकरी सांभाळून चाळीस तासांचं काम कधी होणार? ऑनलाइन सेवा आहेत, फाईल चढवली की मजकूर मिळतो. पण बोलणाऱ्या दोन-तीन आजोबांनी आधीच अट घातली होती: "पोरी, हे कुठल्या कंपनीकडे जाता कामा नये." दंगलीत कोण कुठे उभं होतं, कोणी कोणाला घरात लपवलं, ही नावं त्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत. त्यांची मुलं-नातवंडं अजून त्याच आवारात राहतात. अट रास्तच आहे. म्हणजे काम तिच्याच लॅपटॉपवर, इंटरनेट बंद ठेवून व्हायला हवं.

त्यासाठी साधन आहे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं बोलणं लिहून काढणारं मॉडेल खुलं केलं. ग्योर्गी गेर्गानोव या बल्गेरियन प्रोग्रॅमरने ते सी आणि सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलं, त्याचं नाव व्हिस्पर डॉट सीपीपी. पायथन नको, इंटरनेट नको, एक प्रोग्रॅम आणि एक मॉडेलची फाईल, बस. नुसत्या सीपीयूवरही चालतं. पण तिच्या लॅपटॉपवर मीडियम मॉडेलला एका तासाच्या रेकॉर्डिंगसाठी अडीच-तीन तास लागत होते. आणि तो काही भंगार लॅपटॉप नाही. जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं कार्ड, उबुंटू २४.०४, रॅम मात्र ८ जीबी. कार्ड आत आरामात बसून होतं.

आता मुद्द्यावर येऊ. जीपीयूचा बिल्ड हा एकावर एक रचलेला प्रकार आहे. तळाला ड्रायव्हर, त्यावर कूडा टूलकिट (हिंदीतला कूडा नव्हे, जरी बिल्ड करताना फरक कळत नाही), टूलकिटच्या हाताखाली तुमच्या सिस्टिमचा जीसीसी कंपायलर, आणि सगळ्यात वर आपला प्रोग्रॅम. चाळीत नळाला पाणी आलं नाही की आपण लगेच प्लंबरला बोलावून नळ बदलत नाही. टाकी भरलीय का, व्हॉल्व्ह उघडाय का, ते आधी बघतो. इथे मात्र लोक सरळ नळ बदलतात, म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा डाउनलोड करून बिल्ड करतात.

टाकी म्हणजे ड्रायव्हर. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय टाईप करा. कार्डाचं नाव, तापमान आणि मेमरी दाखवणारा तक्ता आला, तर ड्रायव्हर ठीक. "ड्रायव्हरशी संपर्क होत नाही" असं आलं, तर वरचं काहीही करून उपयोग नाही. विंडोज आणि उबुंटू शेजारी-शेजारी ठेवलेल्या लॅपटॉपवर याचं नेहमीचं कारण म्हणजे सिक्युअर बूट. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतात, आणि रीस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा येतो, त्यात मॉक एन्रोल करा असं लिहिलेलं असतं. तो पडदा थोडाच वेळ थांबतो. आपण चहा आणायला गेलो की निघून जातो, आणि सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. दुसरं कारण, बॅटरी वाचावी म्हणून कोणीतरी प्राइम-सिलेक्टने इंटेलचंच ग्राफिक्स चालू ठेवलेलं असतं. या लॅपटॉपवर दोन्ही ठीक होतं, तक्ता आला.

त्याच तक्त्यात वर उजवीकडे लिहिलेलं असतं: कूडा व्हर्जन १२.८. या एका ओळीने जेवढ्या लोकांचे रविवार खाल्लेत तेवढे दुसऱ्या कशाने खाल्ले नसतील. ते वाचून वाटतं, कूडा १२.८ बसलेलं आहे. तसं नाहीये. हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या कूडापर्यंत पेलू शकतो, एवढंच ती ओळ सांगते. टूलकिट बसलंय का आणि कुठलं, हे एनव्हीसीसी डॅश डॅश व्हर्जन सांगतं. तिच्याकडे ते आलं ११.८. दोन वर्षांपूर्वीचा कुठलातरी व्हिडिओ बघून टाकलेलं. आणि "एनव्हीसीसी सापडत नाही" असं आलं तर घाबरू नका, बऱ्याचदा टूलकिट असतं, फक्त स्लॅश यूएसआर स्लॅश लोकल स्लॅश कूडा स्लॅश बिन हा पत्ता पाथमध्ये नसतो.

बरं, ११.८ असलं म्हणून काय झालं? १६५० साठी ते चालतंही. पण एनव्हीसीसी एकटा काम करत नाही. तो जीपीयूचा भाग स्वतः घेतो आणि उरलेला सी प्लस प्लस सिस्टिमच्या जीसीसीला देतो. कूडा ११.८ ला जीसीसी ११ पर्यंतच चालतो. उबुंटू २४.०४ सोबत येतो १३. मग पडद्यावर येतं: अनसपोर्टेड जीएनयू व्हर्जन, जीसीसी व्हर्जन्स लेटर दॅन ११ आर नॉट सपोर्टेड. एरर म्हणून हा फार सज्जन एरर आहे हं. काय बिघडलंय ते सरळ सांगतो.

पण त्याच एररच्या खालच्या ओळीत एक सवलत दिलेली असते: अलाउ अनसपोर्टेड कंपायलर. लोक तीच उचलतात. मी म्हणेन, नको. कधी बिल्ड होतो, कधी सिस्टिमच्या हेडर फाईलमध्ये शंभर ओळींचा गोंधळ उडतो, आणि झालाच तरी चुकीचं काही चाललं तर कळणार कसं? त्यापेक्षा दोन सरळ वाटा आहेत. एक, जी प्लस प्लस ११ बाजूला बसवायचा आणि सीमेकला सांगायचं की कूडाचा होस्ट कंपायलर हा वापर. सिस्टिमचा १३ तसाच राहतो, बिचाऱ्याला हात लावायची गरज नाही. दुसरी वाट, नवं टूलकिट. १२.४ पासून पुढे जीसीसी १३ चालतो. आम्ही १२.६ टाकलं. इथे एक बारकावा आहे. टाकताना नुसतं कूडा नावाचं पॅकेज घेऊ नका, कूडा-टूलकिट-१२-६ असं पूर्ण नावाचं घ्या. नुसतं कूडा घेतलं की ते सोबत ड्रायव्हरही आणतं, आणि चालणारी टाकी फोडून परत बांधायची वेळ येते.

"मग सगळ्यात नवं १३ का नको?" विचारणारे विचारतीलच. तिच्या कार्डाला चाललं असतं, पण काठावर. कार्डाच्या पिढीला एक आकडा असतो, कंप्यूट केपॅबिलिटी. १६५० चा ७.५. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या कूडा १३ ने ७.५ च्या खालच्या पिढ्या सोडून दिल्या. म्हणजे जुन्या लॅपटॉपातलं एमएक्स १५० किंवा जीटीएक्स १०५० असेल, आकडा ६.१, तर १३ तुमच्यासाठी नाहीच. १२ वर थांबायचं. शिवाय १३ ला ५८० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. नवं म्हणजे चांगलं हा नियम मोबाईल घेताना ठीक आहे. उलटंही होतं बरं का. अगदी नव्या आरटीएक्स ५० मालिकेच्या लॅपटॉपला १२.८ च्या आधीचं टूलकिट ओळखतच नाही.

विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांसाठी एकच वाक्य: ड्रायव्हर विंडोजमध्ये टाकायचा, आतल्या उबुंटूत फक्त टूलकिट. आत ड्रायव्हर टाकलात तर विंडोजकडून येणारी लायब्ररी झाकली जाते.

आतापर्यंतचे एरर निदान ओरडत होते. आता जो सांगतोय तो गप्प बसणारा आहे, आणि सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. व्हिस्पर डॉट सीपीपीला जीपीयू वापर असं तुम्ही सांगितलं नाही, तर तो विनातक्रार सीपीयूचा बिल्ड करतो. हिरव्या ओळी, शंभर टक्के, सगळं छान. सांगायची पद्धतही बदलत गेली आहे. आधी व्हिस्पर क्यूब्लास नावाचा पर्याय होता, मग व्हिस्पर कूडा, आता जीजीएमएल अंडरस्कोर कूडा. आजच्या आवृत्तीत पहिलं नाव दिलं तर बिल्ड थांबतो, ते बरंच आहे. पण नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर सीमेक फक्त एक वॉर्निंग देतो की तुम्ही दिलेला अमुक व्हेरिएबल प्रोजेक्टने वापरला नाही. दोनशे ओळींत ती ओळ कोण वाचणार? मैत्रिणीच्या टर्मिनलची जुनी नोंद चाळली तेव्हा ती तिथेच होती. जीजीएमएलऐवजी जीएमएमएल.

त्यात आणखी एक फसवी ओळ आहे. प्रोग्रॅम चालू झाला की सुरुवातीला छापतो: यूज जीपीयू इज इक्वल टू १. हे वाचून ती म्हणाली, "बघ ना, जीपीयू तर वापरतोय!" ती फक्त इच्छा आहे. जीपीयू मिळाला तर वापरीन, एवढाच तिचा अर्थ. नुसत्या सीपीयूच्या बिल्डमध्येसुद्धा ती १ च असते. खरं काय ते पुढच्या ओळींत बघायचं. "फाउंड १ कूडा डिव्हायसेस", कार्डाचं नाव आणि कंप्यूट केपॅबिलिटी ७.५ असं आलं तर खरं. "नो जीपीयू फाउंड" आलं तर सीपीयूवर चाललंय. त्याहून पक्का पुरावा हवा असेल तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय दर सेकंदाला चालवत ठेवा. प्रोग्रॅमचं नाव तक्त्यात दिसलं पाहिजे आणि मेमरी वाढली पाहिजे. तपासायला तासाभराचं रेकॉर्डिंग नको, सोबत केनेडींच्या भाषणाचा ११ सेकंदांचा तुकडा येतो, तो पुरतो. शेवटी एन्कोड आणि डीकोडला किती वेळ लागला ते छापलं जातं, दोन्ही बिल्डचे आकडे शेजारी ठेवले की संशयाला जागा राहत नाही.

तर नाव दुरुस्त केलं, टूलकिट बदललं, पुन्हा बिल्ड, आणि पुन्हा तोच जीसीसीचा एरर. कारण सीमेकची वही. पहिल्या वेळी सापडलेल्या एनव्हीसीसीचा पत्ता तो सीमेककॅश नावाच्या फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि पुढे तोच वापरतो. बिल्ड फोल्डर अख्खं उडवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. ड्रायव्हर, टूलकिट, कंपायलर यातलं काहीही बदललं की हे करायचंच, विचार करत बसू नका.

मग साठ टक्क्यांवर "किल्ड". एवढाच शब्द. हा कोडचा दोष नाही, रॅम संपली म्हणून लिनक्सने कंपायलरचा गळा दाबला. डॅश जे ८ दिलं होतं, म्हणजे आठ फायली एकाच वेळी, आणि कूडाची एकेक फाईल भरपूर रॅम खाते. ब्राउझर बंद केला, डॅश जे २ दिलं. वेळ लागला, पण झालं.

मधल्या काळात तिच्या भावाने वेगळाच उपाय काढला होता. मित्राच्या आरटीएक्स ३०५० च्या लॅपटॉपवर बिल्ड करून पेन ड्राइव्हवर आणला. इकडे चालवला तर "नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल". इथे कर्नल म्हणजे लिनक्सचा नव्हे, जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. आजकालचा बिल्ड समोर असलेल्या कार्डापुरताच कोड तयार करतो. ३०५० चा आकडा ८.६, त्यासाठी बनवलेलं ७.५ वर चालत नाही. दुसऱ्याच्या मशीनवर करायचाच असेल तर कूडा आर्किटेक्चर्स ७५ असं सीमेकला सांगून करायचा.

शेवटी चाललं. लार्ज मॉडेलला जवळजवळ ३.९ जीबी लागते, ४ जीबीच्या कार्डात पडदा आणि ब्राउझर धरून ते मावत नाही. मीडियमला साधारण २.१ जीबी, ते मावलं. लार्जची दाबून लहान केलेली, क्वांटाइझ्ड आवृत्तीही मावते. मीडियमवर तासाभराचं रेकॉर्डिंग पंधरा-वीस मिनिटांत व्हायला लागलं. चार्जर लावूनच चालवा, बॅटरीवर कार्ड स्वतःला आवरून घेतं. आणि वरळीच्या मे महिन्यात लॅपटॉप गादीवर ठेवू नका, ८५ अंशांच्या पुढे गेला की वेग पडताना दिसतो. खाली दोन जाड पुस्तकं ठेवा, हवा जाऊ दे.

आता मराठीचं. भाषा सांगणारा पर्याय, डॅश एल एमआर, विसरू नका. तो दिला नाही तर प्रोग्रॅम इंग्रजी धरून चालतो आणि आजोबांच्या तोंडी भलतंच इंग्रजी घालतो. दुसरं, तेवढ्याच लांबीचं मराठी बोलणं इंग्रजीपेक्षा हळू होतं, ते तुमच्या कार्डाची चूक समजू नका. मॉडेल शब्दांचे तुकडे करून एकेक तुकडा लिहितं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटचं असतं, आणि तुकड्यांचा हा साठा मुख्यतः इंग्रजी बघून बनलेला. त्यामुळे "गिरणी" लिहायला जितके तुकडे लागतात तितक्यात इंग्रजीचं अख्खं वाक्य होतं. सुरुवातीला शब्दांची यादी देऊन मॉडेलला तयार करता येतं: साचा, खातं, बदली, जॉबर, भोंगा. पण त्या यादीची मर्यादाही तुकड्यांतच मोजली जाते, २२४ च्या आसपास, म्हणून निवडक शब्दच द्या.

आणि खरी अडचण पुढेच आहे. व्हिस्पर ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं, त्यात लिखित मजकुरासहचं मराठी एक तासही नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारतने २०२३ मध्ये भारतीय भाषांवर पुन्हा शिकवलेलं इंडिकव्हिस्पर काढलं, त्यात मराठी आहे. ते मीडियमवरच आधारलेलं असल्याने ४ जीबीत बसतं. व्हिस्पर डॉट सीपीपीसोबत येणाऱ्या रूपांतराच्या स्क्रिप्टमधून ते काढून घेतलं. फरक स्पष्ट होता. पण "बीडीडी चाळ"चं "बिडी चाळ" अजूनही होतं, "साच्यावर"चं "सात वर" होतं. ते वाचून हसू येतं, आणि लगेच सापडतंही.

सापडत नाही ते वेगळं. १९७४ बद्दल बोलताना एक आजोबा म्हणाले, "मी तिथं नव्हतो." त्यांचा आवाज खाली गेला होता, मागे कुकरची शिट्टी झाली. मजकुरात आलं, "मी तिथं होतो." व्याकरण शुद्ध, वाक्य सरळ, वाचणाऱ्याला शंका यायचं कारणच नाही. हे कागदावर राहिलं असतं तर त्या माणसाच्या मागे लागलं असतं.

म्हणून तिने कामाची वाटणी अशी केली: रात्री झोपताना मशीन लावायचं, सकाळपर्यंत पाच-सात तासांचं रेकॉर्डिंग उतरलेलं असतं. संध्याकाळी ती हेडफोन लावून मजकूर समोर ठेवून ऐकते. "नाही", "नव्हतो", "नको" असलेली वाक्यं आणि प्रत्येक माणसाचं नाव, एवढं दोनदा ऐकते. आधी जो वेळ वाट बघण्यात जायचा तो आता ऐकण्यात जातो. त्यानंतर छापील प्रत बोलणाऱ्याला वाचून दाखवते. एका आजींनी दोन पानं काढून टाकायला लावली, तिने काढली. चाळीसपैकी अकरा तास असे पूर्ण झालेत.

तुमचा बिल्ड अडला असेल तर मला लिहा. मात्र स्क्रीनचा तिरपा फोटो नको. चार गोष्टी मजकूर म्हणून पाठवा: एनव्हिडिया-एसएमआयचा तक्ता, एनव्हीसीसीचं व्हर्जन, जीसीसीचं व्हर्जन, आणि सीमेकने छापलेलं सगळं, अगदी पहिल्या ओळीपासून. शेवटचा एरर एकटाच पाठवलात तर मी परत हेच चार मागणार आहे.